तांबड्या फरशीवरचा समुद्र

पंचू गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या उशाशी पेजेची वाटी घेऊन बसले होते. पंचू म्हणजे माझा धाकटा दीर, पंचापकेश. तंजावरच्या एका शाळेच्या कचेरीत त्यानं आयुष्यभर कारकुनी केली, लग्न केलं नाही, आणि माझ्या हातच्या पिठल्याला नावं ठेवण्यापलीकडे मला कधी दुखवलं नाही. दोन चमचे पेज पोटात गेली आणि त्यानं माझा हात अडवला. "वैनी, एक खरं सांगा. अक्का ते खरं सांगती, का मज संभाळती?" मी जराही न थांबता म्हटलं, "खरंच सांगतात. उगीच कशाला खोटं बोलतील?" तो माझ्याकडे पाहत राहिला. अर्जावरची सही त्याच माणसाची आहे ना, हे बघायची कारकुनी नजर होती ती... मग त्यानं मुकाट्यानं आ केला, मी चमचा पुढे केला. सकाळी दूधवाला यायच्या आत तो गेला.

या गोष्टीला महिना उलटून गेला. लोक भेटायला येतात, म्हणतात, शेवटपर्यंत केलंत हो त्याचं. मी मान डोलावते आणि मनातून खजील होते. कारण त्यानं विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊकच नव्हतं. अक्का, म्हणजे आमच्या थोरल्या वन्सं, त्या वेळी शेजारच्याच खोलीत फुलं ओवत बसल्या होत्या. उठून चार पावलं गेले असते तर विचारता आलं असतं. त्यानं जवळजवळ सगळा जन्म ज्या एका प्रश्नात घालवला त्याचं उत्तर मी पेज निवतेय म्हणून घाईघाईनं देऊन टाकलं. त्यात दिलासा किती होता आणि माझी सुटका किती होती, हे मला अजून ठरवता येत नाही.

हे नीट सांगायचं तर आमच्या घरातल्या समुद्रापासून सुरुवात करायला हवी. मी मूळची साताऱ्याची. वडील रेल्वेत होते, त्यांच्या ओळखीतून हे दूरदेशीचं स्थळ आलं. मला वाटलं, मराठी घर आहे, मग अडचण ती कसली... पहिल्याच दिवशी सासूबाई जे बोलल्या त्यातलं मला निम्मं कळलं नाही, आणि मी जे बोलले ते ऐकून पंचू म्हणाला, "वैनी पेपर वाचिल्यासारखं बोलतात." इथली मराठी म्हणजे माझ्या पणजीच्या तोंडचे शब्द, त्यांना तमिळची चाल, आणि वर कापीचा, म्हणजे कॉफीचा, वास. देवनागरी वाचणारी घरात मी एकटीच. सासरी माझं एकच कौतुक झालं, ते ठिपक्यांच्या रांगोळीचं. तांदळाच्या पिठीची चिमूट धरून ओळीनं ठिपके टाकायचे, एकही वाकडा पडायचा नाही, हे मला जमत असे. घराच्या मधल्या मोठ्या खोलीला इथं कूडम म्हणतात. त्या कूडमाच्या तांबड्या फरशीवर माझे ठिपके उठून दिसत.

माझ्या यजमानांना कसलाच नाद नव्हता, पंचूला नाद वादळांचा. कार्तिकाच्या आगेमागे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, असं रेडिओ म्हणाला की याचं जेवण संपलं. त्याचा जोडीदार त्याच्याच शाळेतला भूगोलाचा मास्तर, स्वामिनाथन सार. इथं मास्तरांना सारच म्हणतात. दोघं शाळेचा नकाशा आणून त्यावर टाचण्या टोचत बसायचे. नकाशातल्या समुद्राची चाळण झाली तेव्हा हेडमास्तरांनी तो परत मागवला. पंचू दोन दिवस तोंड पाडून बसला होता. तिसऱ्या दिवशी मी रांगोळीचे ठिपके घालत होते, तो कापी पीत माझ्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, हे अक्षांश-रेखांशच की." तेव्हापासून वादळाच्या दिवसांत रोज सकाळी कूडमाच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात मी समुद्र घालू लागले. एक ठिपका म्हणजे एक अंश. डावीकडे किनाऱ्याची रेघ, खाली सिलोन, उजवीकडे अंदमान. मद्रासच्या जागी सुपारी, नागपट्टणच्या जागी लवंग. वादळ म्हणजे चिंचोका. रेडिओ आकडे सांगायचा आणि पंचू उकिडवा बसून, दोन बोटांत धरून, तो चिंचोका ठिपक्यावर ठेवायचा. देवाला फूल वाहतानाही त्याला मी इतकं जपून हात पुढे करताना पाहिलं नाही. पिठी तांदळाची असल्यानं दुपारपर्यंत मुंग्या लागत. "वैनी, अंदमान कुठं गेलं?" "मुंग्यांनी नेलं." हे आमच्यातलं रोजचं बोलणं होतं.

नकाशावर आणखी एक जागा होती, खाली डावीकडे, किनारा जिथं कोपरासारखा वळतो तिथं. वेदारण्य. त्या जागी पंचू मिठाचा खडा ठेवायचा, कारण आमचे भावोजी, अक्कांचे यजमान रंगनाथराव, तिथल्या मिठागरात कोठाराचे कारकून होते. पावसाळी हवेत तो खडा पाझरे आणि वेदारण्याभोवती ओलं वर्तुळ होई. सासूबाई आजारी असत, त्यामुळे पंचूला लहानपणी न्हाऊमाखू घातलं ते अक्कांनीच. भावोजी आडव्या हाडाचे, कमी बोलणारे आणि गोडाचे भयंकर शौकीन. वादळाची बातमी आली की पंचू त्यांना कार्ड टाकायचा, अमुक दिवशी वारा सुटेल, गच्चीवरची वाळवणं काढा. दोन-तीन वर्षं त्याचं अगदी बरोबर आलं. मग त्यांची सगळी गल्ली अक्कांना विचारू लागली, तुमचा तंजावरचा भाऊ काय म्हणतो? पंचूला हे कळलं तेव्हा तो लाजला, आणि चार दिवस जरा ताठ मानेनं चालला. मीही त्याला चिडवण्याच्या मिषानं हरभऱ्याच्या झाडावर चढवलंच.

वाद मात्र रोज व्हायचा. पंचूचं ठाम मत होतं की कार्तिकातली वादळं किनाऱ्याजवळ येतात, जरा थबकतात आणि उत्तरेकडे वळून आंध्राच्या अंगाला जातात. त्याच्या भाषेत, "वर जाणार." सारांचं मत अगदी उलटं. "सरळ आत येणार बघ," ते चपला तिण्णैवर काढता काढताच सुरू करायचे. तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा ओटा. "कावेरी जिथून बाहेर पडते तिथूनच ते आत शिरतं." "वर जाणार सार, मी सांगितलो ना." "मागच्या खेपेलाही तू हेच म्हणालास. नागपट्टणच्या माडांना जाऊन विचार." हरणाऱ्यानं तिरुवैयारूहून अशोका आणायचा, अशी पैज. अशोका म्हणजे मुगाच्या डाळीचा, तुपानं निथळणारा हलवा. आम्हां सगळ्यांचं त्या पैजेवर लक्ष असे, कोण हरलं तरी तोंड आमचंच गोड होणार होतं. एकदा पंचू जिंकला आणि कूडमात उड्या मारत सुटला, "वर गेलं, वर गेलं." सासूबाई खांबाला टेकून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "वर म्हणजे कोणाच्या घरावर रे?" पंचू थांबला. सार खाली बघू लागले. मी अशोका वाढला आणि आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला. पुढे कितीतरी वेळा मला तो वाटीतला अशोका आठवला आहे.

ते वादळ आलं त्या वर्षी सासऱ्यांचं श्राद्ध नेमकं त्याच दिवसांत होतं. अक्का श्राद्धासाठी माहेरी आल्या होत्या, भावोजींना कोठार सोडता आलं नाही. आधीचे काही दिवस चिंचोका रोज डावीकडे सरकत होता आणि रोज थोडा वर चढत होता. पंचूनं आणखी दोन ठिपके पुढे बोट नेऊन दाखवलं, "इथून वळणार." सारांनी खूप भांडून पाहिलं, पण समोर चिंचोका वर चाललेला दिसत होता. ते उमद्या मनाचे गृहस्थ. निकाल लागायच्या आधीच त्यांनी हार मानली, सायकलवर तिरुवैयारूला गेले आणि श्राद्धाच्या दिवशी सकाळी अशोक्याचा डबा घेऊन दारात उभे राहिले. आत स्वयंपाक सोवळ्यात चाललेला. बाहेरचं गोड त्या दिवशी आम्हाला चालणार नव्हतं. सार ओशाळले, डबा तिण्णैवर ठेवून शाळेत गेले.

श्राद्धाच्या दिवशी घरात रांगोळी घालत नाहीत, हे साताऱ्याला तसं तंजावरला. सकाळीच मी आदल्या दिवशीचा समुद्र ओल्या फडक्यानं पुसून घेतला. सुपारी, लवंग, चिंचोका आणि मिठाचा खडा कोनाड्यात ठेवून दिले. ब्राह्मणांची पानं उठेपर्यंत रेडिओलाही हात लावायचा नव्हता. दुपारी सगळं आटोपल्यावर पंचूनं रेडिओ लावला. त्या बातमीत अक्षांश-रेखांश नव्हते. वादळ मद्रासच्या आग्नेयेला इतक्या मैलांवर आहे, एवढंच सांगितलं. पंचू म्हणाला, "कालच्याइतकंच अंतर. थांबलेलं दिसतं. वळायच्या आधी थांबतं ते." तरी त्याच्या हाताला चैन नव्हतं. मी भांड्यांच्या राशीसमोर होते तिथं आला आणि हळूच म्हणाला, "वैनी, मागं गोठ्यापाशी थोडे ठिपके घाला की. कोणास कळणार आहे?" मी म्हटलं, "आज नको रे. उद्या सकाळी पहिल्यांदा घालीन." "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून तो गेला. एवढंच झालं. मी काही चुकीचं बोलले नाही. तेव्हाही नाही आणि आजही मला तसं वाटत नाही. पण माझे हात राखेनं भरलेले, त्याचा तो "सरी"... ते काही डोळ्यांपुढून हलत नाही.

अक्कांना दुपारची गाडी धरायची होती. त्यांनी जाताना विचारलं, "पंचू, मी राहू, का जाऊ?" तो म्हणाला, "जा अक्का. वर चाललंय ते." सार शाळेतून परस्पर आले होते, तिण्णैवर बसले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. पण श्राद्धाचं घर, आणि त्यातून हार मानून झालेली. पंचूनं अशोक्याचा डबा अक्कांच्या पिशवीत घातला. "भावोजींस द्या. सांगा, पंचू जिंकला." अक्का हसल्या. झटक्यात, म्हणजे इथल्या घोडागाडीत, बसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ठिपके घातले. रेडिओनं पुरे आकडे सांगितले. पंचूनं चिंचोका ठेवला आणि तो कुठं ठेवलाय ते त्यालाच पटेना. पुन्हा मोजून ठेवला, पुन्हा तिथंच. तो वर नव्हता, खाली आला होता. फुलं ओवायची केळीची दोरी जवळच पडली होती. ती त्यानं घेतली, एक टोक मद्रासच्या सुपारीपाशी दाबून मला धरायला सांगितलं आणि दुसरं टोक परवाच्या जागेवरून फिरवत आजच्या जागेकडे आणलं. दोरी तेवढीच राहिली. मद्रासपासूनचं अंतर बदललं नव्हतं, कारण वादळ मद्रासला वळसा घालून खाली सरकत होतं. "वैनी, हे थांबलं नव्हतं," तो म्हणाला. "हे फिरत होतं." चिंचोक्यात आणि मिठाच्या खड्यात आता बोटभर जागा होती. काल गोठ्यापाशी चार ठिपके असते तर दोरी कालच फिरली असती, हे त्यालाही कळलं, मलाही कळलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तो अनवाणीच तार करायला धावला. तारा तोपर्यंत तुटल्या होत्या. गाडी धरून निघाला तो तिरुवारूरला अडकला, पुढचा रूळच वाहून गेला होता.

बाकीचं लांबवत नाही. तंजावरात माड पडले, आमची कौलं उडाली. वेदारण्यात समुद्र गल्लीत शिरला. भावोजींवर स्वयंपाकघराची भिंत पडली. अक्का वाचल्या. पंचू काही दिवसांनी अक्कांना घेऊन आला तेव्हा त्या त्याच्या मागून चालत नव्हत्या, तोच त्यांच्या मागून चालत होता... आणि पुढे जन्मभर तसाच चालला.

गल्लीतली बरीच माणसं देवळाच्या दगडी मंडपात जाऊन बसली होती, ती सगळी वाचली, हे आम्हाला मागाहून कळलं. मग भावोजी का गेले नाहीत? हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण उत्तरं सगळ्यांनी दिली. जिथं पूर्वी वादळ कुठं जाणार यावर वाद व्हायचा तिथं आता चूक कुणाची यावर वाद होऊ लागला, आणि त्यात प्रत्येकाला हरायचंच होतं. सासूबाई म्हणायच्या, "मज विचारायचं होतं. गोठ्यात रांगोळी घालू नको म्हणून कोण सांगितलं? चूक माझी, तुम्हांस इतकी भीती घातली मी." सार म्हणायचे, "मी डबा आणला नसता तर मला भांडता आलं असतं अम्मा, चूक माझी." मी माझं म्हणायची. पंचूला हे ऐकवत नसे. तो उठून बाहेर जायचा.

अक्का मात्र दर वेळी तेच सांगायच्या, आणि शांतपणे. "ते जाणारच नव्हते. कोठाराच्या चाव्या त्यांच्या कमरेस. चाव्या सोडून ते मंडपात जाऊन बसतील? पंचू काही बोलला असता तरी ते हलले नसते." पंचूनं हे शंभरदा ऐकलं असेल. ऐकताना तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राही. हे खरं असतं तर तो सुटला असता. पण ज्या बाईनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं, रात्रभर जागून आपला गोवर काढला, ती आपल्यासाठी एवढं खोटं सहज बोलेल, हेही त्याला ठाऊक होतं. त्यामुळे त्याला धड विश्वास ठेवता येईना आणि धड अविश्वासही दाखवता येईना.

पंचूनं वादळाचं नाव टाकलं. रेडिओवर हवामान लागलं की तो विहिरीवर जायचा. शाळेत कुणी विचारलं, आज पाऊस येईल का हो, तर फायली लावायला घ्यायचा. ढग भरून आले तरी छत्री नेत नसे, भिजून घरी येई. कूडमाच्या त्या कोपऱ्यावरून तर तो चालायचाच बंद झाला. फरशी स्वच्छ पुसलेली, ठिपका नाही की रेघ नाही, तरी हा भिंतीला खेटून, वळसा घालून स्वयंपाकघरात यायचा. पाहुणे बघत राहायचे. सासूबाई गेल्या त्या दिवशी घरात माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हासुद्धा तो भिंतीकडेनंच गेला.

अक्कांसाठी काय करू आणि काय नको, असं त्याला होई. त्या उभ्या असल्या तर हा बसत नसे. त्यांचं पाणी तापवायचा, त्यांच्यासाठी बाजारातून कोवळं पडवळ शोधून आणायचा, देवळात त्यांच्या चपला राखत बसायचा. एकदा अक्का चिडल्या. "मज भाऊ पाहिजे होता रे पंचू. गडी नाही मागितलें मी." त्याचा चेहरा असा पडला की अक्कांनीच मग त्याला कापी करून दिली. डवऱ्यातून टंबलरमध्ये, म्हणजे पसरट वाटीतून पेल्यात, ती खालीवर करून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. मी दारात उभी होते. मी तेव्हा तरी मध्ये पडून काही बोलायला हवं होतं. पण दोघांच्या मधली ती जागा मला कधी ओलांडता आली नाही. मीही एका परीनं भिंतीकडेनंच चालत होते म्हणायचं.

सार अधूनमधून येत राहिले. दोघं तिण्णैवर बसून मुलांच्या मार्कांवर, तांदळाच्या भावावर बोलत. आभाळाकडे बघायचं नाही, असा जणू करार होता त्यांचा. पैज लावणारी, एकमेकांवर बोटं नाचवणारी ती दोन माणसं कुठं गेली, असं मला वाटे. मग लगेच वाटे, तू कशाला हळहळतेस, तुला काय अशोका खायचाय?

तर पंचू गेला. सुतक फिटलं, पण आमच्याकडे वर्षभर घरात ठिपक्यांची रांगोळी घालत नाहीत. गेल्या आठवड्यात सकाळी रेडिओ लागला होता, बंद करायला आता कुणी उठून जात नव्हतं, आणि बातम्यांत आलं की उपसागरात कमी दाबाचा पट्टा झालाय, वादळ होण्याची शक्यता आहे. अक्का भाजी चिरत होत्या. विळी आडवी करून ठेवली आणि म्हणाल्या, "सुमती, ठिपके घाल गे."

मला वाटलं, त्यांना वर्षाची आठवण राहिली नाही. मी म्हटलं, "अक्का, यंदा..." "ठाऊक अहे," त्या म्हणाल्या. "घाल."

मी पिठीचा डबा काढला. बऱ्याच दिवसांत हात फिरला नव्हता, पहिले ठिपके वाकडे पडले. अक्का माझ्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. मी सिलोनपाशी आले तेव्हा त्या बोलू लागल्या, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "ते निघालेच होते. दवंडी पिटून गेलेली. चाव्या रखवालदारास दिलेल्या, कमरेची वेष्टी वर खोचलेली, एक पाय उंबऱ्याबाहेर. मीच म्हटलें, पंचू म्हणतो वर जाणार. मीच म्हटलें, त्यानं पैज जिंकलीय, हा अशोका तरी खाऊन जावा. तर ते बसले. गोड म्हणजे त्यांस..." त्यांनी एक वाकडा ठिपका बोटानं सरळ केला. "आवडीनं खाल्ले. बोटं चाटून खाल्ले. मी पाणी आणायास परसात गेले, आणि भिंत पडली."

माझी चिमूट तशीच राहिली. इतकी वर्षं त्या जे सांगत आल्या ते एका माणसासाठी होतं, आणि आता तो माणूस नव्हता. मी म्हटलं, "अक्का, त्यानं मला विचारलं होतं. शेवटी. तुम्ही खरं सांगता का, म्हणून." "तू काय म्हटलीस?" "खरं सांगतात म्हटलं." त्यांनी मान हलवली. "बरं केलीस," त्या म्हणाल्या, मग जरा वेळानं, "पण तो काही मानला नसेल." "नाही," मी म्हटलं. "मानलं नाही." त्यांनी पदर तोंडाला लावला. मी उठून जवळ जायला हवं होतं. मी गेले, या खेपेला गेले. दोघी बराच वेळ त्या अर्ध्या समुद्राच्या काठी बसून राहिलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अंदमान राहिलं."

अंदमान घातलं. मद्रासवर सुपारी ठेवली, नागपट्टणवर लवंग. अक्का स्वयंपाकघरातून मिठाचा खडा घेऊन आल्या आणि वाकून, मला न विचारता, नेमक्या जागी ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं असेन. त्या म्हणाल्या, "तिथं माणसं अहेत अजून." चिंचोका मात्र त्यांनी माझ्या हातात दिला. रेडिओनं सांगितलेल्या ठिपक्यावर मी तो ठेवला. माझा हात पंचूसारखा जपून पुढे गेला नाही, चिंचोका जरा घरंगळला, पुन्हा नीट ठेवावा लागला. त्यांनी दोरीचं टोक सुपारीपाशी धरलं.

स्वामिनाथन सारांना निरोप पाठवला. ते आता काठी टेकत चालतात. दारातून आत आले, फरशीकडे बघितलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले. अक्कांनी विचारलं, "सार, कुठं जाणार हे?" किती वर्षांनी कुणी त्यांना हे विचारत होतं. सारांनी वाकून ठिपके मोजले. "मला नाही कळत, अम्मा," ते म्हणाले. "वर जाईल, नाहीतर आत येईल." "मग तार करा," अक्का म्हणाल्या. "वेदारण्याच्या आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांस. मंडपात जाऊन बसा, म्हणून. तंजावरचा भाऊ म्हणतो, असं काही लिहू नका. चुकलं तर चुकू दे, एक दिवस चूल पेटली नाही म्हणून कोणी मरत नाही." सारांनी मान डोलावली. दाराकडे जायचं तर सरळ वाट त्या कोपऱ्यावरून होती. ते थबकले, काठी भिंतीला लावली, आणि भिंतीच्या कडेकडेनं, समुद्राला वळसा घालून तार करायला गेले.

ते वादळ झालंच नाही. पट्टा विरला, दोन दिवस नुसता पाऊस लागला. शेजाऱ्यांचं कार्ड आलं, मंडपात मुलांना सर्दी झाली म्हणून लिहिलं आहे, जरा रागानंच. अक्कांनी ते दोनदा वाचून घेतलं. मी समुद्र अजून पुसलेला नाही. मिठाचा खडा पाझरून गेला, मी दुसरा ठेवला. अंदमान मुंग्यांनी नेलं. घरातली आम्ही सगळी आता भिंतीकडेनं चालतो.